शून्यही लिहायचं

पहाटे ५.१५ : जानेवारीतला रविवार. वणीजवळच्या राजूर कॉलरीत लोक चुलीपाशी शेकत बसलेत आणि आम्ही दोघे मोटारसायकलवर कुडकुडतोय. पाठीवर दुर्बीण, वही आणि पेन्सिल. दवाने पेनची शाई पसरते, हा धडा एकदा मिळालाय. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मोजणारे बहुतेक आमच्यासारखेच, पदरचं पेट्रोल जाळणारे.

६.५० : गावाबाहेरचं तळं. धुकं. नुसते आवाज. आवाजावरून आकडा लिहायचा मोह होतो, लिहीत नाही.

७.१५ : उजेड आला. आधी सुटे पक्षी : टिबुकल्या, शेकाटे, काठावरचा वंचक. मग काळ्या अंगाचे, कपाळी पांढरा टिळा लावलेले वारकरी. थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा शेवटी सांगायचा. आधी सांगितला की दुसऱ्याचाही तेवढाच येतो.

८.०५ : रस्त्यावर ट्रकचा कर्कश हॉर्न. थापट्यांचा सगळा थवा उडाला, आमची मोजणी अर्धवट. पुन्हा पहिल्यापासून. उडालेले कुठल्या दिशेला गेले ते लिहिलं, नाहीतर पुढच्या पाणवठ्यावर तेच पुन्हा मोजले जातात.

८.४० : एक गुराखी काका थांबले. ‘मोजून का मिळते जी?’ ‘काहीच नाही काका.’ ते हसले. ‘पयले लय राहे इथं,’ म्हणाले. ‘लय’ म्हणजे किती, ते कुणीच लिहून ठेवलं नाही. आमची सगळी खटपट त्यासाठीच.

९.३० : वणीत तर्री पोहे. या दिनक्रमातलं एवढं एकच काम बिनचूक होतं.

१०.१५ : निर्गुडा नदीचा काठ. दोन तुतवार, एक पाणकावळा.

११.०० : शेवटचं डबकं. अर्धा तास बसलो. एकही पक्षी नाही. सोबती म्हणाला, ‘हे सोडून देऊ.’ इथेच आमचं दरवेळी भांडण होतं. शून्य लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी कळणार कसं की पक्षी नव्हते, की आम्हीच गेलो नव्हतो? दुर्मीळ पक्ष्याचा फोटो काढायला गर्दी होते. रिकाम्या डबक्यापाशी बसायला कुणी नसतं. मला विचाराल तर खरा पक्षीनिरीक्षक इथे कळतो.

दुपारी ३.०० : तक्ता भरणं. पाण्याची पातळी, गाळ, मासेमारी, काठच्या झुडपांवर बसलेली कोळशाची धूळ. कंटाळवाणं काम आहे. पण २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच नोंदींवर उभा राहिला : ३० हजारांवर पक्षीनिरीक्षक, सुमारे ३ कोटी नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यांतल्या १७८ जातींच्या संरक्षणाला सर्वाधिक प्राधान्य द्यावं, असं त्यातून निघालं.

रात्री ८.३० : नोंदी पाठवल्या. डबक्यासमोर शून्य लिहिलं.

येत्या जानेवारीत आम्हाला तिसरा माणूस हवाय. दुर्बीण आमची, स्वेटर आपापला.