उसळणाऱ्या घोड्याला काय द्यावं?
स्वार पाठीवर बसताच बिथरणाऱ्या घोड्यासाठी बाजारात शांत करणारी पूरकं भरपूर मिळतात. बहुतेकांत मॅग्नेशियम असतं. आहारात ते खरंच कमी पडत असेल तर फरक दिसू शकतो. पण चांगला चारा मिळणाऱ्या घोड्यात अशी कमतरता क्वचितच असते. काही पूरकांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मेंदूत मन शांत ठेवणारं सेरोटोनिन बनतं, तरी प्रयोगांत ट्रिप्टोफॅनच्या अल्प मात्रेने घोडे उलट चुळबुळले आणि फार मोठ्या मात्रेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. काही पूरकांतलं व्हॅलेरियन हे वनस्पतीचं मूळ असलं, तरी एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत ते निषिद्ध आहे. दुखणारा घोडाही असाच उसळतो, म्हणून आधी पशुवैद्याकडून पाठ, दात आणि जठरातले व्रण तपासून घ्या, खोगीर नीट बसतं का पाहा. मग ओट-मक्याचा खुराक कमी करून गवत वाढवा आणि त्याला रोज तबेल्याबाहेर मोकळं सोडा. माझ्या मते पूरकाचा विचार त्यानंतरच करावा.