साखळीची भट्टी आणि पणजीची कॉफी

शनिवार-रविवार जोडून आला की आपल्या सीमाभागातली घरं गोव्याकडे निघतात. मंगेशी, शांतादुर्गा, समुद्र, मासळी हा क्रम ठरलेला. हल्ली बंगळूर-पुण्यात नोकरी करणारी आपली मुलं मात्र वेगळी यादी घेऊन येतात. माझ्या भाच्याच्या यादीत यंदा एप्रिलमध्ये दोनच नावं होती : क्राफ्ट बिअर आणि स्पेशालिटी कॉफी. मी म्हटलं, "जाऊ की पणजीला, पण वाटेत साखळीला थांबायचं."

चोर्ला घाट उतरून केरी, पर्ये ओलांडलं की वाळवंटी नदीकाठचं साखळी लागतं. राण्यांचं गाव, दत्तमंदिराचं गाव. हरवळेचा धबधबा आणि लेणी हाकेच्या अंतरावर. काजूच्या हंगामात इथल्या हवेलाच पिकल्या बोंडूंचा वास असतो. हे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. कन्नडमध्ये त्याला गेरू म्हणतात, गराला गोडंबी. आपण गर खाऊन मोकळे होतो. गोवेकर बोंडूही वाया घालवत नाही.

ओळखीच्या एका भट्टीवर गेलो. झाडावरून गळालेले बोंडू वेचून आणायचे, बी काढून ते तुडवायचे, रस दोन-तीन दिवस आपसूक आंबू द्यायचा आणि मग लाकडाच्या जाळावर ऊर्ध्वपातन. पहिल्या धारेचा उर्राक, त्यात मद्यार्क साधारण 15 टक्के. तो पुन्हा भट्टीवर चढला की फेणी, सुमारे 42 टक्के. भाचा उद्गारला, "मामा, यालाच आम्ही स्मॉल बॅच म्हणतो!"

भट्टीवाले काका हसले. म्हणाले, "नाव काहीही द्या, मास्तर. रात्रभर धुरात बसायचं आणि हंगाम तीन महिन्यांचा. माझा पोरगा यायला तयार नाही."

पणजीत कॉफीच्या पाकिटावर चिकमगळूरच्या मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, बी भाजल्याची तारीख, सगळं छापलेलं. जाणकार चाखून 100 पैकी गुण देतात. 80 आणि त्यापुढे मिळाले तर ती स्पेशालिटी. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणल्याची कथा आपल्या कन्नड घरांत लहानपणीच ऐकायला मिळते. त्या डोंगरातल्या कॉफीचा असा मान पाहून बरं वाटलं. संध्याकाळी भाच्याने क्राफ्ट बिअर चाखली. तिथेही माल्ट कोणतं, हॉप्स कुठले, याची माहिती लिहिलेली होती.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. कागदावर मान आहे. पण कॉफीच्या पाकिटावर मळा दिसतो, तशी फेणीच्या बाटलीवर काकांची भट्टी दिसायला हवी. नाव कळलं तर दाम मिळेल, दाम मिळाला तर पोरगा कदाचित भट्टीवर बसेल.

दारूपायी बुडालेली घरं आपण सर्वांनीच पाहिली आहेत, तेव्हा मी कुणाला प्या म्हणणार नाही. घाटातून गाडी चालवणाऱ्याने तर थेंबालाही शिवू नये. पण पुढच्या हंगामात त्या वाटेने गेलात तर मुलांना एखादी भट्टी जरूर दाखवा. ताज्या नीरोचा पेला त्यांनाही चालतो. तो विकत घ्या, आणि तो कुणी काढला त्याचं नाव विचारायला विसरू नका.