कोंबडीच्या खाद्यातला ओवा

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेखाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा रूढ विषय असावा. मी ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्याविषयी लिहिणार हे कळल्यावर ते क्षणभर गप्प झाले. माणसांच्या डॉक्टरने पशुवैद्यांच्या प्रांतात शिरू नये, हा संकेत मलाही ठाऊक आहे. परंतु या प्रांतात मला माझ्याच एका रुग्णाने ओढून नेले.

हकीकत २०१८ सालची. हैदराबादबाहेर, शादनगरच्या बाजूला कुक्कुटपालन करणारे एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या अवस्थेत आमच्याकडे दाखल झाले. कल्चरमध्ये क्लेब्सिएला आला आणि अहवालात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर' हेच अक्षर. शेवटी कोलिस्टिन तेवढे उरले. ते दिले, मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले आणि गृहस्थ आपल्या पायांनी घरी गेले. दोन महिन्यांनी त्यांनी मला आग्रहाने आपल्या फार्मवर नेले. दोन लांब शेड, तुसाची गादी, हजारो पांढरी पिल्ले. खाद्य मिसळण्याच्या खोलीत मका व सोयाबीनच्या पोत्यांशेजारी एक पाकीट पडले होते. सवयीने त्यावरील घटकांची नावे वाचली आणि थबकलो. कोलिस्टिन सल्फेट. "पिल्लं चांगली वाढतात, साब. सगळेच घालतात," ते निरागसपणे म्हणाले. त्यांचा जंतू त्यांच्या कोंबड्यांकडूनच आला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु ज्या औषधाचे थेंब आम्ही अतिदक्षता विभागात मोजून देत होतो, तेच येथे मापट्याने खाद्यात पडत होते.

या प्रथेचा उगम दुरून का होईना, आपल्या तेलुगू मुलखाशी जोडलेला आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख असताना तेथे बेंजामिन डगर यांना ऑरिओमायसिन सापडले. त्याच संस्थेतील ज्यूक्स व स्टोकस्टॅड हे बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना चारला, तर पिल्ले बी-१२ने वाढावीत त्याहूनही अधिक वाढली. चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाचा तो प्रताप होता. १९५०च्या सुमारास ही गोष्ट जाहीर झाली आणि अल्प मात्रेतील प्रतिजैविक खाद्याचा नित्य घटक होऊन बसले. असे का घडते, यावर अद्याप एकमत नाही. आतड्यातील जिवाणूंची गर्दी कमी होते, आतड्याचा दाह मंदावतो आणि वाचलेली शक्ती मांसाकडे वळते, असा सर्वसाधारण तर्क आहे.

किंमत मोजावी लागली ती पुढे. युरोपात खाद्यातील अव्होपार्सिनमुळे व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस वाढल्याचे दिसले. स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली होती. १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने ती बंद केली. २०१५च्या नोव्हेंबरात चीनमधून 'एमसीआर-१' या जनुकाची बातमी आली. कोलिस्टिनला प्रतिरोध देणारे हे जनुक प्लाझ्मिडवर स्वार होऊन एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनची निर्मिती, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. त्या बातमीच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या गृहस्थांचा फोन आला. "बंद तर केलं साब, आता घालू काय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी वनस्पतिजन्य खाद्यपूरकांपर्यंत पोहोचलो. नाव भारदस्त असले तरी वस्तू आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या आहेत. पहिला मान ओव्याचा. ओव्याच्या तेलातील प्रमुख द्रव्य थायमॉल. एकेकाळी अंकुशकृमींवर वैद्य जे देत, तेच. युरोपातील कंपन्या थाइम व ओरेगॅनो या वनस्पतींतून थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल काढतात. ही द्रव्ये स्निग्धप्रेमी असल्याने जिवाणूच्या आवरणात शिरतात, आवरण गळके होते आणि आतील आयन बाहेर झिरपतात. लवंगेतील युजेनॉल व दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड यांचे कार्यही पुष्कळसे याच जातीचे. कोंबडीच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स माजला की आतड्याचे अस्तर सडते. त्याला आवर घालणे हा येथील मुख्य हेतू. शिवाय या तिखट-सुगंधी पदार्थांनी पाचक रस व पित्त यांना चालना मिळते, हे आजीने सांगितलेले शास्त्र कोंबडीलाही लागू पडते.

हळदीविषयी मात्र माझा उत्साह थोडा बेताचा आहे. कर्क्युमिन दाहशामक खरे, परंतु हळदीत ते शेकडा दोन ते पाच एवढेच असते आणि आतड्यातून जेमतेम शोषले जाते. मिऱ्यातील पायपरिनने हे शोषण माणसात कित्येक पटींनी वाढते, असे बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. त्यावरून हळदीला मिऱ्याची जोड देण्याची कल्पना निघाली. तथापि कोंबडीत आतड्यापुरतेच काम हवे असेल, तर न शोषलेली हळदही वाया जात नाही, हे लक्षात घ्यावे. आवळ्याचे काम निराळे. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते. एरवी ती क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, पण उष्म्याच्या ताणात ते पुरे पडत नाही. तेथे आवळ्याची भुकटी उपयोगी पडू शकते. कडुनिंबाचा सोस मात्र नको. प्रमाण वाढले की पिल्ले खाद्यच सोडतात.

आता अडचणी. वाटलेली वनस्पती घालायची तर टनामागे पाच-दहा किलो लागते. तेल काढून घातले तर शंभर-दोनशे ग्रॅम. पण एका शिवारातील ओवा आणि दुसऱ्या शिवारातील ओवा यांत थायमॉल सारखे नसते. पेलेट करताना खाद्याला वाफ देऊन ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापवितात, तेव्हा सुगंधी तेल उडून जाते. म्हणून चांगल्या मालात ते चरबीच्या सूक्ष्म आवरणात बंद केलेले असते. भुकटी ओलसर ठिकाणी साठविली तर बुरशी व अफ्लाटॉक्सिन हे नवेच संकट. 'हर्बल' हा शब्द छापला म्हणजे ही सारी पातके धुऊन निघतात, असे विक्रेत्यांना वाटते. मला वाटत नाही.

प्रयोगांचे निष्कर्षही एकसुरी नाहीत. स्वच्छ, प्रशस्त, नव्या शेडमध्ये या पूरकांनी फरक दिसत नाही असे वारंवार आढळते, आणि गंमत अशी की प्रतिजैविकांचेही तसेच होते. डेन्मार्कमध्ये ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये प्रतिजैविके सोडली, तेव्हा किलोभर वजनासाठी लागणारे खाद्य वाढले ते अवघे १६ ग्रॅम. मरतुक वाढली नाही. म्हणजे प्रतिजैविक पुष्कळदा अस्वच्छतेची भरपाई करीत होते. मग त्याची जागा ओव्याने घ्यावी की फावड्याने, हा प्रश्न उरतोच.

आमच्या गृहस्थांना मी प्रथम राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा रस्ता दाखविला. मी काही पक्ष्यांचा डॉक्टर नव्हे. त्यांनी एका शेडमध्ये ओव्याच्या तेलाचे पूरक घातले, दुसऱ्यात काहीच नाही. पहिल्या बॅचला दोन्ही शेडची पिल्ले सारखीच निघाली आणि ते माझ्यावर खट्टू झाले. दुसऱ्या बॅचपूर्वी त्यांनी दोन्हीकडचा जुना तूस काढून चुना मारला, पाण्याच्या नळ्या धुतल्या, पंखे वाढविले. त्या खेपेस दोन्ही शेड सुधारले. ओव्याचे शेड किंचित पुढे होते, पण एवढ्याशा फरकावरून कोणी निष्कर्ष काढू नये, असे मी त्यांना बजावले. ते हसले आणि म्हणाले, "साब, वास तर चांगला येतो."

पूरक ते अजून घालतात. नवा विक्रेता आला की पाकिटाच्या मागील बाजूचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितात, आणि दवाखान्यातला शेवटचा रुग्ण गेल्यावर मी तो मोठा करून, घटकांचे एकेक नाव वाचून मगच त्यांना फोन करतो.