बेअर : जुन्या सातूची नवी सिंगल माल्ट

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर ‘बेअर’ नावाचा सातू शेकडो वर्षे पिकतो आहे. उन्हाळा तोकडा, म्हणून पेरणी उशिरा आणि काढणी लवकर. सुमारे 90 दिवसांत तयार होणारं पीक अशी त्याची ख्याती. ताटं उंच आणि नाजूक. जोराचा वारा-पाऊस आला की उभं पीक आडवं पडतं. दाणा बारीक, त्यात प्रथिनं जास्त आणि स्टार्च कमी, म्हणजे टनामागे अल्कोहोलही कमी. व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली ती याच हिशेबापायी.

वाण टिकलं ते दारूमुळे नव्हे, भाकरीमुळे. बर्से गावची ‘बॅरनी मिल’ ही पाणचक्की आजही बेअरचं पीठ दळते आणि त्याच्या ‘बॅनॉक’ नावाच्या जाड भाकऱ्या तिथे आवडीने खाल्ल्या जातात. पुढे ऑर्कनी कॉलेजच्या कृषी संशोधकांनी त्याची लागवड पुन्हा वाढवली आणि स्कॉटलंडच्याच आयला बेटावरच्या ब्रुकलॅडी डिस्टिलरीने त्यापासून सिंगल माल्ट व्हिस्की काढली. ती 50 टक्के अल्कोहोलवर बाटलीबंद होते.

बेअरच्या कणसात दाण्यांच्या सहा ओळी असतात, आजच्या स्कॉचच्या सातूत बहुधा दोनच. गोव्यातली ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्टसुद्धा सहा ओळींच्याच, पण भारतीय सातूची.

बेअरसारख्या ‘वारसा वाणा’ची म्हणून चढ्या भावाची बाटली समोर आली, तर लेबलवर वाणाचं नाव आणि पिकाचं वर्ष आहे का, एवढं आधी पाहा. नसेल, तर जादा पैसे मोजू नका.