चाकाची घरघर वेळीच ऐका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका अवघडलेल्या भगिनीला खांडसहून कर्जतला दवाखान्यात न्यायचे होते. गाडी वस्तीतल्याच एका तरुणाची, जुनी फोर व्हील महिंद्र जीप. कशेळे मागे पडले आणि पुढच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली. मी विचारले तर तो म्हणाला, "काका, जुनी गाडी आहे, आवाज करणारच!" बाई सुखरूप पोहोचली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाक उघडले. बेअरिंगचे रोलर निळे-काळे पडलेले, ग्रीसचे पांढरट पाणी झालेले. मिस्त्री एवढेच म्हणाले, "अजून थोडं गेला असतास, तर चाक गाडीच्या पुढं पळालं असतं."

महिंद्रने १९४७ पासून विलीज जीप भारतात जोडायला घेतली. तेव्हापासूनच्या या जीपांच्या पुढच्या चाकाची मूळ रचना फारशी बदललेली नाही. पोकळ स्टबवर दोन बेअरिंगांच्या आधाराने हब फिरतो. स्टबमधून जाणारा शाफ्ट चाकाला ओढ देतो. चाक वळले तरी शाफ्ट फिरत राहावा म्हणून त्यात क्रॉस असतो. क्रॉसच्या चार टोकांवर वाट्या असून त्यांत बारीक सुया असतात. मोटारीसाठी अशा जॉइंटचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली घेतले.

कर्जत-खालापूरकडे हे भाग मरतात ते पाण्याने. फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली की जुन्या सीलमधून पाणी हबात शिरते. दुसरे कारण आपलीच चूक. चिखलातून बाहेर आल्यावरही काही जण डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालूच ठेवतात. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर सगळा ताण क्रॉसवर येतो.

तपासणी सोपी आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिन पाहा. फोर व्हीलमध्ये पूर्ण वळवताना टक-टक आवाज आला तर क्रॉस गेला समजा.

काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. मागच्या चाकांना दगड लावा, एक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. ड्रमातली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकची प्लेट पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. शाफ्ट सरळ ओढा, म्हणजे आतले सील फाटणार नाही.

बेअरिंग बदलताना हबातली तिची बाहेरची रिंगही नवीच घाला. जुन्या रिंगवर नवा रोलर टिकत नाही. सीलही नवे. क्रॉसची वाटी बसवताना एक सुई आडवी पडली तरी क्लिप बसत नाही. तेव्हा हातोडा मारू नका, वाटी काढून सुई सरळ करा. बेअरिंग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा आणि तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांमध्ये दाबून भरा.

सर्वांत महत्त्वाचे आतल्या नटाचे. चाक फिरवत-फिरवत तो चाक जड होईपर्यंत आवळा, मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करा. त्यावर लॉक वॉशर आणि बाहेरचा नट. जास्त आवळलेली बेअरिंग तापून जळते, ढिली ठेवली तर चाक डुलते. पहिल्या फेरीनंतर हबला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडा.

आम्ही कारकून माणसे, प्रत्येक खर्चाची नोंद ठेवतो. चालक बांधवांनीही एक वही करावी. ग्रीस कधी भरले, सील कधी बदलले, खोल पाण्यातून गाडी कधी गेली, हे लिहावे. पाऊस संपला की दोन्ही हब उघडून ग्रीस बदलावे. बेअरिंगचा खर्च एकदाचा असतो. चाक निखळले तर गाडी जाते, रोजी जाते, आणि मागे बसलेल्या माणसांची भरपाई कुठल्याच वहीत मांडता येत नाही.