आंकड्यांची परिषद व आपलें शेत

आंकडेशास्त्राच्या परिषदा केवळ विद्वानांसाठीं, हा समज बरोबर नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं दाखविलें कीं, पीककापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास कडेचीं रोपें आंत धरलीं जाऊन उत्पन्न फुगतें. १९४७ सालीं भारतीय कृषि-सांख्यिकी संस्था स्थापण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. तिच्या वार्षिक परिषदांत असेच प्रश्न चर्चिले जातात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत पीकविम्याची भरपाई मुख्यत्वें याच कापणीवर ठरते. उत्पन्न फुगलें कीं भरपाई घटते. यास्तव परिषदेस जाणाऱ्यानें नुसतीं भाषणें ऐकून परतूं नये. तुकडा केवढा, तो चिठ्ठीनें निवडला कीं नजरेनें, कापणीवेळीं शेतकरी हजर होता काय, हे प्रश्न लिहून न्यावे व उत्तरें गांवीं वाचून दाखवावीं.