रोहतांगपलीकडची माणसे

हिमालय ही भारताच्या उत्तरेची नैसर्गिक तटबंदी आहे, हे वाक्य ज्याने शाळेत पाठ केले नाही असा मराठी माणूस विरळाच. वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशातील तपकिरी पट्ट्यावरून छडी फिरवून मास्तर पुढच्या धड्याकडे वळत. त्या पट्ट्याच्या आतही माणसे राहतात, शेती करतात, आजारी पडतात, हे सांगावयाचे बहुधा राहूनच जाई. आता त्या तटबंदीला एकामागून एक दारे पडू लागली आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशात रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा खुला झाला. ९ मार्च २०२४ रोजी अरुणाचलात तवांगच्या वाटेवरील सेला बोगद्याचे उद्घाटन झाले आणि १३ जानेवारी २०२५ रोजी काश्मिरात सोनमर्गचा बोगदा सुरू झाला. झोजिलाच्या पोटात खोदकाम हाती घेण्यात आले. लाहौल आणि झांस्कर यांच्यामधील शिंकुला खिंडीखाली, सुमारे १५,८०० फूट उंचीवर, २६ जुलै २०२४ रोजी पहिला सुरुंग उडाला. तो बोगदा पुरा झाल्यावर जगातील सर्वांत उंचावरचा ठरेल असे सांगितले जाते.

या प्रत्येक प्रसंगी झालेल्या भाषणांत दोन गोष्टींचा उच्चार अगत्याने होतो. पहिली सीमेचे संरक्षण आणि दुसरी पर्यटन. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांना नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही. १९६२ साली रस्त्यांच्या अभावी आपल्या सैन्याचे काय हाल झाले हे देश विसरलेला नाही. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवरून शत्रूच्या तोफा श्रीनगर–लेह रस्त्याचा वेध घेऊ लागल्या, तेव्हा मनालीकडून लेहला जाणाऱ्या दुसऱ्या वाटेचे महत्त्व काय, हे कोणास समजावून सांगण्याची गरज उरली नाही. अटल बोगद्याने त्या वाटेचे ४६ किलोमीटर आणि चार ते पाच तास वाचविले. परंतु येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. रोहतांग ही त्या वाटेवरील पहिली खिंड, शेवटची नव्हे. तिच्यापलीकडे बारालाचा आहे, लाचुंगला आहे, तांगलांगला आहे, आणि या सर्व खिंडी रोहतांगहून पुष्कळच उंच आहेत. हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचते. म्हणजे ज्या कारणासाठी या बोगद्याचा सर्वांत मोठा गौरव झाला, त्या बारमाही लष्करी मार्गाचा तो केवळ पहिला टप्पा आहे. याउलट, भाषणांच्या अखेरीस ज्यांचा ओझरता उल्लेख होतो, त्या लाहौल खोऱ्यातील रहिवाशांपुरते त्याचे काम पहिल्या दिवसापासून पूर्ण झाले. अटल बोगदा खरा कोणाचा, हा प्रश्न विचारलाच तर त्याचे उत्तर येथे सापडते.

लाहौल-स्पिती हा हिमाचलातील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा. क्षेत्रफळ १३,८०० चौरस किलोमीटरांहून अधिक आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती ३१,५६४. एका सकाळी दादर स्थानकातून याहून कितीतरी अधिक माणसे बाहेर पडतात. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा तांदी येथे संगम होतो व तेथून पुढे त्यांची चंद्रभागा होते. तीच चिनाब म्हणून पंजाबात उतरते. पंढरीच्या वाळवंटात जे नाव आपल्या तोंडी असते त्याच नावाच्या या दुसऱ्या नदीकाठची माणसे नोव्हेंबरात एकदा खिंड बंद झाली की एप्रिल-मेपर्यंत उरलेल्या जगापासून तुटत. बटाटा, वाटाणा, फुलकोबी यांचे पीक खिंड मिटण्यापूर्वी बाहेर काढावयाचे. धान्य, औषधे, रॉकेल त्याच अवधीत आत आणावयाचे. मग गुरांसह घरात बसावयाचे. सरकार हेलिकॉप्टर पाठवी, परंतु ते हवामानाच्या मर्जीने उडे आणि त्यातील जागा मोजक्या असत. अडलेली बाळंतीण किंवा पोटदुखीने तळमळणारा म्हातारा यांना हवामानाची मर्जी सांभाळत बसण्यास सवड नसते. काही जण नाइलाजाने पायीच खिंड चढत, आणि त्यांतले सगळेच पलीकडे पोहोचत नसत. त्यांच्यासाठी मढी व कोकसर येथे बचाव ठाणी ठेवावी लागत. रोहतांग या नावाचा अर्थच प्रेतांचा ढीग असा सांगितला जातो. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी घालावा. तेथल्या लोकांना तो अर्थ कधी अतिशयोक्तीचा वाटला नसेल.

हा बोगदा काही कोणा अधिकाऱ्याला नकाशा पाहता पाहता सुचला नाही. तो मागितला गेला होता. लाहौलमधील एका जुन्या स्नेह्याने दिल्लीस जाऊन अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे ही मागणी केली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. जून २००० मध्ये निर्णय जाहीर झाला, मे २००२ मध्ये दक्षिण मुखाकडे जाणाऱ्या रस्त्याची कोनशिला बसली, आणि मुख्य बोगद्याचा पायाभरणी समारंभ व्हावयास जून २०१० उजाडला. म्हणजे निर्णयापासून कुदळ पडेपर्यंत दहा वर्षे आणि कुदळीपासून उद्घाटनापर्यंत आणखी दहा. सरकारे बदलली, श्रेयाचे वाटे बदलले. लाहौलच्या वाट्याला मात्र मधले वीस हिवाळे पूर्वीसारखेच आले.

त्यातल्या दुसऱ्या दहा वर्षांचा हिशेब मात्र निसर्गाकडे आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सुमारे ३,०६० मीटर उंचीवर ९.०२ किलोमीटर लांबीची, नालेच्या आकाराची ही नळी. तिच्या डोक्यावर काही ठिकाणी जवळजवळ १,९०० मीटर उंचीचा डोंगर. हिमालय हा वयाने कोवळा पर्वत. सह्याद्रीचा काळा कातळ फोडताना सुरुंग दमतो. येथे खडक भुगा होऊन अंगावर येतो. दक्षिणेकडून खोदत जाता सेरी नाल्याखालचा भंगलेला पट्टा लागला. तो अवघा ५८७ मीटरांचा; पण वरून नाल्याचे पाणी, बाजूंनी चिखल आणि धोंडे, आज रचलेला आधार उद्या वाहून जाणार, अशा स्थितीत तेवढ्यातच काही वर्षे गेली. उत्तर मुखाकडे तर रोहतांग बंद असताना जाताच येत नसे. म्हणजे ज्या अडचणीवर उपाय म्हणून बोगदा खोदावयाचा, तीच अडचण त्याच्या खोदकामालाही आडवी येई! २०१५ ची मुदत टळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन्हीकडचे खोदकाम एकमेकांस भेटले. तोवर डोंगरातून आठ लाख घनमीटरांहून अधिक दगडमाती बाहेर निघाली होती आणि अखेरचा खर्च सुमारे ३,२०० कोटी रुपयांवर गेला. सीमा सडक संघटनेच्या अभियंत्यांचे या कामाबद्दल जेवढे कौतुक करावे तेवढे थोडेच.

कौतुकाच्या त्या यादीत मजुरांचे नाव कोठे असते? आपल्या बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली, तिचे सर्व श्रेय साहेबाच्या बुद्धीला मिळाले. पण घाटातली वाट साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली आणि मोबदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी कथा लोकांनी जपली. तिच्यात इतिहास किती आणि दंतकथा किती हे बाजूला ठेवू. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे आणि आजही गाड्या त्याच्यापुढे नाणे टाकून पुढे जातात, एवढे खरे. हिमालयातले बोगदे खणणारी माणसे बहुतांशी झारखंड, बिहार यांसारख्या दूरच्या प्रांतांतून आणि नेपाळमधून पोटासाठी आलेली असतात. २० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री गगनगीर येथे सोनमर्ग बोगद्याच्या कामगार वसाहतीवर दहशतवाद्यांनी हल्ला केला व सात जणांचे प्राण घेतले. त्यांत एक डॉक्टर होता आणि बाकीचे बोगद्याच्या कामावरचेच लोक होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत बोगदा सुरू झाला.

उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा येथील प्रकार तर सर्व देशाने दूरचित्रवाणीवर श्वास रोखून पाहिला. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, बांधकाम चालू असलेला बोगदा खचला आणि ४१ मजूर आत अडकले. सतरा दिवस यंत्रांनी शर्थ केली, यंत्र मोडले, आणि अखेरचे काही मीटर हातांनी उकरून त्यांना बाहेर काढणारे लोक बेकायदा ठरविल्या गेलेल्या उंदीरबिळी खाणकामाचे कसबी निघाले. सर्व ४१ जण वाचले, याचा आनंद निर्भेळ होता. पण २०१८ साली त्या बोगद्याला मंजुरी मिळाली तेव्हाच त्याच्या वर्णनात सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता. प्रत्यक्ष संकटाच्या दिवशी मजुरांच्या कामी येईल असा मार्ग मात्र नव्हता. अटल बोगद्यात रस्त्याच्या खालून संपूर्ण लांबीचा, आगीपासून सुरक्षित असा स्वतंत्र मार्ग आहे. तेव्हा आपल्याला हे करता येत नाही असे नव्हे. वाहने धावू लागल्यावर प्रवाशाला जी सुरक्षितता अवश्य वाटते, ती खोदणाऱ्याला खोदतानाच मिळाली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता आपल्याकडे, म्हणजे पर्यटकांकडे, वळू. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांना मनाली आता महाबळेश्वराइतकीच परिचित झाली आहे, आणि बोगदा झाल्यापासून 'पलीकडे जाऊन बर्फ पाहून येऊ' हा सहलीच्या कार्यक्रमातला एक ठरीव दुपारचा भाग बनला आहे. उद्घाटनाला काही दिवस होतात न होतात तोच बोगद्यात अपघातांची नोंद झाली. गाड्या मध्येच उभ्या करून छायाचित्रे काढण्याची हौस आणि बेफाम वेग ही त्यांची कारणे. बोगद्याची रचना दिवसाला ३,००० मोटारी व १,५०० मालमोटारी गृहीत धरून केलेली आहे. नाताळच्या दिवसांत हा हिशेब पार कोलमडतो. डिसेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरची कोंडी टाळण्यासाठी एका बहाद्दराने आपली गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली आणि पोलिसांनी त्याला दंड ठोठावला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान बर्फात सुमारे हजार वाहने अडकून पडली. अशाच एखाद्या कोंडीत केलाँगहून कुलूच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका सापडली, तर पूर्वी बर्फामुळे अडणारा रोगी आता आपल्या सहलीमुळे अडला असेच म्हणावे लागेल.

गंमत अशी की बोगद्याच्या माथ्यावर नियम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ पासून रोहतांगच्या हिमावर साचणाऱ्या काजळीची दखल घेतली आणि खिंडीत रोज किती पर्यटक गाड्या जाव्यात यावर मर्यादा आली, परवाना लागतो. खिंडीच्या पोटातून जाणाऱ्या वाहनांना मात्र तशी मर्यादा नाही. डोंगरावरची गर्दी कमी झाली नाही, ती डोंगराखालून पलीकडे गेली. पलीकडे सिस्सू आहे, कोकसर आहे. लहानशी गावे, मर्यादित पाणी, आणि कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची साधने त्याहूनही मर्यादित. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे हालडा, फागली असे सण असतात. बर्फाने कोंडलेल्या माणसांनी एकमेकांच्या सोबतीने हिवाळा काढण्याची ती रीत. सिस्सू परिसरातील ग्रामस्थांनी या दिवसांत पर्यटकांसाठीचे व्यवहार बंद ठेवण्याचे ठराव केले आहेत. उपाहारगृहाचा धंदा ऐन भरात असताना स्वतःहून दार लावून घेणारी माणसे आम्हांस तरी आदरणीय वाटतात. त्यांना मागासलेले म्हणणारे आपल्यात निघतील. त्यांनी गणपतीच्या आरतीच्या वेळी आपल्या बैठकीच्या खोलीत रोज दोनशे अपरिचित पाहुणे उभे आहेत अशी कल्पना करून पाहावी.

पैसा येतो हेही खरे आहे, आणि तो यावा. तेथल्या तरुणांना राहत्या घरी खोल्या भाड्याने देता येऊ लागल्या, भाजीला वेळेवर बाजार मिळू लागला, शिक्षक व डॉक्टर तेथे जावयास पूर्वीइतके कचरत नसावेत. कोणीही लाहौली माणूस बोगदा बुजवा असे म्हणणार नाही. शिवाय बोगदा कितीही भक्कम असला तरी त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता बियासच्या काठानेच जातो. जुलै २०२३ मध्ये त्या नदीने कुलू–मनाली महामार्गाचे लचके तोडले तेव्हा डोंगराच्या पोटातले नऊ किलोमीटर शाबूत होते आणि त्यांचा उपयोग होत नव्हता. काठावर मजल्यावर मजले चढविलेल्या हॉटेलांचा या संकटात वाटा किती, याचाही हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

या सर्वांची आज आठवण करण्याचे कारण शिंकुला आहे. ४.१ किलोमीटरांचा हा जोडबोगदा पुरा झाला म्हणजे दारचाहून पदुमला, आणि तेथून निमूमार्गे लेहला, हिवाळ्यातही जाता येईल. बारालाचा व पुढच्या उंच खिंडी टळतील आणि रोहतांगखालच्या बोगद्याचे अपुरे राहिलेले लष्करी काम खऱ्या अर्थाने पुढे सरकेल. पण वाटेत झांस्कर आहे. तेथली वस्ती १४ हजारांच्या आसपास. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, जिला तेथे चादर म्हणतात, चालत बाहेर पडणे हाच पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा मार्ग होता. लाहौलला बोगदा आधी मिळाला आणि नियमांची आठवण गर्दी झाल्यावर आली. झांस्करच्या बाबतीत क्रम उलटा करण्यास अजून वेळ आहे. दिवसाला किती वाहने सोडावयाची, ती कोठे उभी राहावयाची, कचरा कोणी व कोठे न्यावयाचा, सणाच्या कोणत्या दिवसांत पाहुण्यांना मज्जाव असावयाचा आणि रुग्णवाहिकेला वाट कशी मोकळी ठेवावयाची, हे पदुमला गावकऱ्यांसमोर बसून ठरावे, आणि उद्घाटनाच्या तारखेबरोबरच ते जाहीर व्हावे. संरक्षण खाते, लडाखचे प्रशासन आणि हिमाचल सरकार या तिघांनी ही बैठक बोलावण्यासाठी काम संपण्याची वाट पाहू नये.